पाट्याखालचं क्युबन सँडविच

परवा कोलोनमध्ये घराजवळच्या एका कॅफेच्या फळ्यावर खडूने 'क्युबन सँडविच' लिहिलेलं दिसलं, म्हणून मी आत शिरले. समोर जे आलं त्यात रुकोलाची पानं होती, टोमॅटो होता, मेयॉनीज होतं, आणि पाव एवढा फुगलेला की दातांच्या डॉक्टरसमोर उघडते तेवढं तोंड उघडावं लागलं. कुणी तो दाबलाच नव्हता. वाढणाऱ्या मुलीला मी विचारलं, "हे दाबत का नाही?" ती गोड हसली. "आल्झो, म्हणजे, आमच्याकडे ते असंच देतात." मी अर्धं तसंच टाकून उठले. वय झालं की माणूस खवचट होतो म्हणतात. मी सोळाव्या वर्षीच होते, त्यामुळे वयाला दोष देण्याची सोय नाही. पण घरी चालत येताना एश्बॉर्नचं आमचं स्वयंपाकघर आठवत राहिलं, आणि इतकी वर्षं जे लिहायचं टाळलं ते लिहायला शेवटी बसले.

एश्बॉर्नला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तीन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीतून समोर ऑफिसांच्या काचेच्या इमारती, आणि त्यांच्या मागून दर पंधरा मिनिटांनी फ्रँकफर्टकडे जाणाऱ्या एस-बान लोकलची घरघर. बाबा मेकॅनिकल इंजिनियर. त्यांची फर्म मोटारींच्या दारांचे पत्रे एका दणक्यात दाबून काढणारे अवाढव्य प्रेस बनवायची. शेकडो टनांच्या दाबाशी दिवसभर खेळणारा हा माणूस घराच्या जिन्यात मात्र चवड्यांवर चालायचा. भाड्याच्या कागदांबरोबर मिळालेली हाउसओर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली, त्यांनी शब्दकोश घेऊन तीनदा वाचली होती, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीने रेघा मारल्या होत्या आणि ती चपलांच्या कपाटावर चिकटवली होती. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी दिवसभर शांतता. खालच्या मजल्यावरचे जर्मन म्हातारा-म्हातारी रविवारी खुशाल टीव्ही ओरडत ठेवायचे, पण आमच्या घरात रविवारी नळसुद्धा अर्धाच सोडायचा. "आपल्याकडे कुणाला बोट दाखवता येऊ नये," हे बाबांचं ब्रीद. मला त्याचा भयंकर राग यायचा. बोट दाखवणारे लोक कारणासाठी थांबून राहतात असं मानणारा माणूस मला मूर्ख वाटायचा, आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही, अर्थात जर्मनमध्ये.

आईचा पाटा-वरवंटा हा त्या घरातला एकमेव बंडखोर. नागपूरहून पहिल्यांदा येताना तिने साड्या मागे ठेवल्या आणि पाटा सुटकेसमध्ये घातला. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा बाबा बारा पावलं लांब जाऊन उभे राहिले होते, जसे काही ते आमचे कुणी नव्हतेच. आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तिळाची चटणी वाटायची, खसखस वाटायची, लसूण-जिरं वाटायची, आणि तो दगडावर दगड घासल्याचा खर्रखर्र आवाज खाली जाऊ नये म्हणून बाबांनी फर्ममधून जाड रबराचा तुकडा आणून पाट्याखाली घातला होता. रस्सा असेल त्या दिवशी खिडक्या बंद, पंखा चालू, आणि आमचे डोळे लाल. आई नागपुरी बोलायची. "काहून खाऊन नाही राहिली वं?" ती मला विचारायची, आणि वर्तमानपत्रामागून बाबांचा आवाज यायचा, "'काहून' नाही, 'का'." हा माणूस तिच्याच वस्तीतला, दोन गल्ल्या सोडून वाढलेला. पुण्याच्या मराठीची त्याने अशी काही घोकंपट्टी केली होती की पुण्याचे लोकही एवढं शुद्ध बोलत नसतील.

ही घोकंपट्टी ज्यांच्यासाठी, ती मंडळी म्हणजे आमचा मराठी ग्रुप. फ्रँकफर्ट आणि आसपासची सात-आठ कुटुंबं. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जेवण. त्यांचे पुढारी दांडेकर काका, बाबांच्याच फर्ममध्ये, बाबांच्या एक पायरी वर. आणि त्यांच्याही एक पायरी वर दांडेकर काकू. पहिल्याच भेटीत काकूंनी आईला विचारलं होतं, "खोब्रागडे म्हणजे तुम्ही कुठले?" नागपूरचे, आई म्हणाली. "हो, पण नागपुरात म्हणजे कुठे?" आईने वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या पानात आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढली. हे 'अच्छा' मी पुढे आयुष्यभर ऐकलं आहे. त्यात वाईट काहीच नसतं. फक्त एक कप्पा उघडतो, तुम्हाला त्यात ठेवलं जातं आणि कप्पा बंद होतो. मग जन्मभर सगळे तुमच्याशी फार गोड वागतात.

तर चार वर्षं आम्ही सगळ्यांकडे जेवलो आणि आमच्याकडे कुणी जेवलं नाही. नाही कुणी म्हणायचं नाही. बाबा बोलवायचे, आणि कारण यायचं. कुणाचा उपास, कुणाचं पोट, कुणाकडे ऐन वेळी पाहुणे. एकदा दांडेकर काका फाइल द्यायला दारापर्यंत आले आणि पाण्याचा ग्लाससुद्धा "आत्ताच प्यायलोय" म्हणून परत केला. बाहेर पस्तीस डिग्री ऊन होतं. बाबा ग्लास घेऊन आत आले आणि ते पाणी त्यांनी कुंडीत ओतलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं. मी म्हणायचे, भीक मागणं पुरे. आई मला गप्प करायची. बाबांना आयुष्यात पैसा नको होता, बढतीही फारशी नको होती. त्यांना एवढंच हवं होतं की त्या सात-आठ कुटुंबांनी एकदा आपल्या टेबलाशी बसून आपल्या हातचं खावं. मला ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच त्यांची कीव यायची. सोळाव्या वर्षी कीव आणि तिरस्कार यांतला फरक कुणाला कळतो!

यातली खरी गंमत कॅन्टीनमध्ये होती. बाबा रोज संध्याकाळी सांगायचे, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे: दांडेकरांनी आज डुकराचा तळलेला काप, श्निट्झल, घेतला, आज डुकराची अख्खी तंगडी घेतली, वर मोहरी, वर बिअर. आणि बाबा? बाबा रोज उकडलेले बटाटे आणि काकडीची कोशिंबीर. त्यांनी पोर्क खाल्लं तर ते खोब्रागड्यांनी डुक्कर खाल्लं असं होईल, आणि दांडेकरांनी डुक्कर खाल्लं तर तो जगाचा अनुभव, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. ग्रुपमध्ये तर 'डुक्कर' हा शब्दच कुणी उच्चारत नसे. शिंकन म्हणायचे, हॅम म्हणायचे, पोर्क म्हणायचे. नावं बदलली की प्राणी बदलतो.

मार्ता आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. साठीची, ठेंगणी, कपाळावर कायम आठी. तरुणपणी ती क्युबाहून पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला आली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, बर्लिनची भिंत पडल्यावर त्याच्याबरोबर पश्चिमेला आली आणि मग तो वारला. तिच्या घरातून रविवारी जो वास यायचा त्याच्या मागे मी एकदा वर गेले आणि मग जातच राहिले. संत्र्यालिंबाचा रस, ठेचलेला लसूण आणि जिरं यात रात्रभर मुरवलेलं डुकराचं मांस भट्टीत तासन्‌तास भाजलं जात असे. लसूण आणि जिरं! मला वाटलं होतं आई वर जाऊन स्वयंपाक करते आहे.

मार्ताचा बाप तिच्या गावी एका खानावळीच्या काउंटरवर उभं राहून आयुष्यभर सँडविच दाबत आला होता, आणि ती त्याचा धर्म पाळायची. पाव ती स्वतः भाजायची, लांब, पातळ कवचाचा, कणकेत डुकराची चरबी घालून. जर्मन ब्रोटशन पावाला ती 'दगड' म्हणायची. पाव उभा चिरायचा. आत मोहरी, मग हॅम, मग भाजलेल्या मांसाचे पातळ काप, मग भोकाभोकांचं चीज, मग लोणच्यातली काकडी. बस्स. "सॅलड घालणारा माणूस सशाचा नातेवाईक," ती म्हणायची. बाहेरून लोणी फासायचं आणि तापलेल्या तव्यावर ठेवून वर वजन. सगळं कसब तिथे. वजन असं हवं की पाव तिसऱ्या हिश्शाएवढा उरला पाहिजे, कवच कागदासारखं कुरकुरीत आणि आतलं चीज सगळ्यांना धरून ठेवणारं. मग तिरका एकच काप. तिच्याकडे वजन म्हणून एक बिडाचं भांडं आणि त्यात विटा होत्या. मी म्हणाले, आमच्याकडे याहून चांगली वस्तू आहे. दुसऱ्या रविवारी मी आईचा पाटा, चंदेरी कागदात गुंडाळून, पोटाशी धरून वर नेला. मार्ताने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघितलं. "तुझी आई शहाणी बाई आहे," ती म्हणाली.

मग एके दिवशी बाबा ऑफिसातून आले ते जिन्यात शीळ घालत. दांडेकर हो म्हणाले होते. सगळे येणार होते, पुढच्या रविवारी दुपारी जेवायला, आमच्याकडे. फक्त काकांची एक सूचना होती: नेहमीचं नको, काहीतरी इंटरनॅशनल करा. मागच्या वेळी त्यांच्याकडे इटालियन झालं होतं. आता मला त्या अटीचा अर्थ कळतो. वरणभात म्हटलं की कुणाच्या हातचा, हा प्रश्न येतो. पिझ्झा कुणाच्याच हातचा नसतो. तेव्हा मात्र मी फक्त म्हणाले, "क्युबन सँडविच करू या." बाबांनी विचारलं ते कसं असतं, मी सांगितलं. 'दाबायचं' हा शब्द ऐकताच त्यांचे डोळे चमकले. 'डुक्कर' ऐकताच विझले. "डुकराच्या जागी पनीर," ते म्हणाले. "हॅमच्या जागी भाजलेली ढोबळी मिरची. आपल्या घरातून डुक्कर जाणार नाही." आणि पुढचे पाच दिवस त्यांनी कागदावर पाट्याचं वजन, पावाचं क्षेत्रफळ आणि पनीर फुटायला लागणारा दाब यांची आकडेमोड केली. बुधवारी वरवंटा पुरतो असं ठरलं, गुरुवारी पाटा लागेल असं ठरलं. एवढ्या विद्येनिशी मनुष्यप्राणी पनीर दाबत होता. मार्ताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "करू दे. पण त्याला माझ्या देशाचं नाव देऊ नको."

मी आईकडे गेले. खरं डुक्कर करू या म्हणून तिच्या मागे लागले. आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. "तुह्या बाबांची आई लय भारी करायची डुक्कर," ती म्हणाली. "सगळी गल्ली वास घेत बसायची." मग तिने मला ते सांगितलं. बाबा इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा गेले तेव्हा आजीने डब्यात तेच भरून दिलं होतं. मेसमध्ये त्यांनी डबा उघडला. कुणीतरी वाकून पाहिलं, काहीतरी बोललं, आणि अख्खी मेस हसली. काय बोललं ते बाबांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, सगळे हसले. त्यानंतर त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही, आणि आजीला वाटत राहिलं की पोराला शहराची चव लागली. मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतं, कारण विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मी म्हणाले, "एवढंच? त्याला तीस वर्षं झाली."

रविवारी सकाळी बाबांनी दिवाणखान्यातला निळ्या कोटातला फोटो खिळ्यावरून काढून झोपायच्या खोलीत नेला. कुणी येण्याची शक्यता असली की ते नेहमीच तसं करायचे. बुद्ध मात्र शोकेसमध्येच राहायचा. बुद्ध सगळ्यांना चालतो. इथे तर तो बांधकाम-सामानाच्या दुकानात बागेच्या कुंड्यांशेजारी मिळतो. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन उरला, आणि त्यावर बाबांनी ऱ्हाइन नदीचं कॅलेंडर लावलं. मी ते पाहिलं आणि माझं ठरलं. बाबा ज्यूस आणायला पेट्रोलपंपावर गेले तेव्हा मी वर गेले आणि मार्ताच्या भट्टीतून ते भाजलेलं मांस, हॅम आणि तिचे चार लांब पाव खाली घेऊन आले. आदल्या दिवशीच आम्ही सगळं ठरवून ठेवलं होतं. आईने मांसावरचा चंदेरी कागद उचलला, वास घेतला, एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि खिडकीकडे तोंड करून चघळत राहिली. "बाबाले सांगितलं?" "नाही." "मग म्याही नाही पाह्यलं," ती म्हणाली आणि तिने पाटा माझ्याकडे सरकवला. टेबलावर दोन ताटं लागली. एकापुढे मी 'पनीर' अशी चिठ्ठी उभी केली. दुसरीवर मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं, 'डुक्कर'. फसवायचं नव्हतं कुणाला. मला फक्त तो शब्द त्यांच्या नाकासमोर मराठीत उभा करायचा होता. बाबा भित्रे आहेत, त्यांना हिंमत कशी असते ते दाखवायचं होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा ज्यूस घेऊन परतले ते पाहुण्यांबरोबरच, त्यामुळे त्यांनी चिठ्ठी पाहिली तेव्हा सगळे आत आलेले होते. ते दारात कोट घेत होते, मग कोटांचा ढीग हातात धरून वळले आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. चिठ्ठी उचलायला उशीर झाला होता. दांडेकर काका टेबलाशी पोचले होते. "अरे वा! डुक्कर! थेट!" ते मोठ्याने हसले आणि त्यांनी उचलून चावा घेतला. कवच कर्रकन मोडलं. "खोब्रागडे, काय बनवलंय हो! गेनाऊ, अगदी हे असं हवं!" मग काय, झुंबड उडाली. एरवी अंड्यालाही नाक मुरडणाऱ्या बायका "इथे आल्यापासून चाखते हं मी, थोडं" म्हणत दुसरा तुकडा उचलत होत्या. पोरं बोटं चाटत होती. काकांनी तीन खाल्ले. पनीरच्या ताटाला कुणी हात लावला नाही. पाच दिवसांची आकडेमोड तशीच्या तशी, तिरके काप नीट मांडलेले, गार होत पडली होती. आणि बाबा, मला वाटतं, सुखावत होते. हातातले कोट त्यांनी कधी ठेवले कुणास ठाऊक, ते सगळ्यांना नॅपकिन देत होते, "घ्या ना, अजून घ्या" म्हणत होते. चार वर्षांनी लोक त्यांच्या घरात जेवत होते. काय जेवत होते हा प्रश्न त्या दहा मिनिटांत त्यांच्या दृष्टीने मिटला असावा. त्यांचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

काकूंनी दुसरं सँडविच संपवलं, बोटं नॅपकिनला पुसली आणि आईकडे पाहून अगदी मायेने म्हणाल्या, "छानच झालंय हो. अर्थात तुमच्याकडे काय, पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेला असणार या कामाला!"

आधी काका हसले. मग त्यांच्या शेजारचे, मग सगळे. वाईट हसणं नव्हतं ते. जेवण छान झालं की जसं हसतात तसं हसले. आणि मी हसले. कुणी मला ढोसलं नव्हतं. सगळे हसत होते, काकू माझ्याकडेच बघत होत्या, आणि माझ्या तोंडातून हसू बाहेर पडलं, चांगलं खळखळून, सगळ्यांबरोबर सुरू झालं आणि सगळ्यांच्या नंतर थांबलं. बाबांनी काकूंकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग ते टेबलाजवळ आले. डुकराच्या ताटात एकच तुकडा उरला होता, मार्तासाठी बाजूला ठेवलेला. बाबांनी तो उचलला आणि उभ्या उभ्या खायला लागले. भराभर नाही, सावकाश, एकेक घास चावून. हसणं थांबलं होतं. चौथ्या की पाचव्या घासाला बाहेरून एस-बान गेली आणि तेवढाच आवाज खोलीत झाला. शेवटचा घास गिळून त्यांनी बोट जिभेला लावलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय." त्यांनी बोट नॅपकिनला पुसलं. "आमची आई आदल्या दिवशीच मीठ चोळून ठेवायची. जाडं मीठ. चामडीलासुद्धा. मग कमी पडत नसे." आणि मग काकूंकडे वळून, त्यांच्या त्या पुणेरी स्वच्छ मराठीत, "पण तुम्हाला आवडलं ना? दोन घेतलीत, मी पाहिलं. बरं वाटलं."

त्यानंतर सगळ्यांना एकदम दुसऱ्या दिवशीचं ऑफिस आठवलं. दुपारचे अडीच वाजले होते. जिन्यात पावलं मोठ्याने वाजली, शांततेच्या वेळेत, आणि बाबांनी कुणाला हळू चाला म्हणून सांगितलं नाही. पुढच्या महिन्याचं बोलावणं आम्हाला आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्याचं आलं, फार गोड आवाजात, फोनवर. बाबा म्हणाले, आम्हाला जमणार नाही. पलीकडून विचारलं गेलं असावं की का. "काही नाही," बाबा म्हणाले, "जमणार नाही." चार वर्षं त्या लोकांनी आम्हाला उत्तमोत्तम कारणं दिली होती. बाबांनी एकही दिलं नाही. त्याबद्दल मी त्यांचं कौतुक केलं ते पुष्कळ वर्षांनी, तेव्हा त्यांना थोडं कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि मला जोरात बोलायचा धीर झाला नाही.

पण त्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, त्यांनी आधी ऱ्हाइनचं कॅलेंडर काढलं आणि आतून फोटो आणून त्याच खिळ्यावर लावला. तो पुन्हा कधी आत गेला नाही. आई मार्ताला तिची भांडी परत द्यायला वर गेली होती. बाबा स्वयंपाकघरात आले, बाह्या दुमडल्या आणि पाटा सिंकमध्ये घेतला. चंदेरी कागद एका बाजूने फाटून पाट्याच्या खाचांमध्ये चरबी गेली होती. ते गरम पाणी सोडून, पूर्ण नळ सोडून, काथ्याने घासत होते. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले. रागावतील असं वाटत होतं, आणि रागावायला हवं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली धारदार, जर्मनमधली. पण चिठ्ठीबद्दल ते काही बोलले नाहीत. मार्ताबद्दल नाही, डुकराबद्दल नाही. पाटा उलटा करून त्यांनी दुसरी बाजू घासायला घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"काहून हसली तू?"

इतक्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "वाइस इश निश्त," मी म्हणाले. माहीत नाही. त्यांनी मान हलवली, पाण्याचा नळ बंद केला आणि पाटा माझ्या हातात दिला. मी तो पुसला, पुसतच राहिले. खोटं बोलले होते मी. मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. ज्या लोकांना मी चार वर्षं मनातल्या मनात सोलत आले होते, त्यांच्यात मला बसायचं होतं.